वीज आहे, वार्ता नाही



मेजावरील संगणकाला जोडलेले यूपीएस वीज गेल्यावर यंत्र व्यवस्थित चालू ठेवते, परंतु लिनक्सच्या पडद्यावर त्याची खूण कोठेच उमटत नाही, या अडचणीचा विचार करताना एक भेद आधी ध्यानात घ्यावा. यूपीएस संगणकाला दोन निरनिराळ्या गोष्टी पुरवते: एक वीज आणि दुसरी विजेची वार्ता. वीज जाड तारेतून येते आणि तिला कोणत्याही प्रणालीची अनुमती लागत नाही. वार्ता मात्र, म्हणजे बाहेरचा पुरवठा चालू आहे की बंद, बॅटरी किती टक्के चार्ज आहे आणि ती किती वेळ पुरेल ही माहिती, वेगळ्या केबलमधून निघते आणि पडद्यावर पोचेपर्यंत चार-पाच हातांतून जाते. दोष यांपैकी एखाद्याच हाताचा असतो, म्हणून शोध खालून वर, केबलपासून पडद्याकडे न्यावा. पडद्यावरच्या सेटिंग्ज उघडून तेथेच बटणे फिरवीत बसणाऱ्याचा वेळ हमखास वाया जातो, कारण पडदा हा या साखळीतला शेवटचा ऐकणारा असतो आणि त्याच्या कानी काही आलेच नसेल तर त्याला विचारून उपयोग नसतो.

सर्वप्रथम हे पाहावे की यूपीएसला वार्ता सांगण्याची सोय आहे की नाही. भारनियमनाच्या काळात महाराष्ट्रात घरोघरी बसलेले इन्व्हर्टर संगणक तासन्‌तास चालवतात, पण त्यांतील बहुतेकांना संगणकाशी बोलण्याचे साधनच नसते. स्वस्त यूपीएसांचीही पुष्कळदा तीच गत असते, आणि अशा यंत्रापुढे लिनक्सचे सर्व ज्ञान व्यर्थ आहे. मागील बाजूस दूरध्वनीच्या किंवा नेटवर्कच्या तारेची खाच दिसली म्हणून हुरळून जाऊ नये, कारण ती अनेकदा केवळ त्या तारेतून येणारा विजेचा झटका अडवण्यासाठी असते. एपीसीच्या कित्येक यूपीएसांवर नेटवर्कच्या खाचेसारखी दिसणारी १० संपर्कांची खाच असते आणि तिच्यासाठी त्याच कंपनीची खास केबल लागते. साधी नेटवर्कची केबल तेथे चालत नाही. इतर पुष्कळ यंत्रांना प्रिंटरला लागते तशी, एका टोकाला चौकोनी असलेली यूएसबी केबल पुरते.

केबल जोडल्यावर टर्मिनलमध्ये 'एलएसयूएसबी' ही आज्ञा द्यावी. ती यूएसबीवर जोडलेल्या प्रत्येक उपकरणाचे नाव आणि त्याचा दुहेरी क्रमांक दाखवते, ज्याचा पहिला भाग उत्पादकाचा व दुसरा वस्तूचा असतो. एपीसीचा उत्पादक-क्रमांक ०५१डी, सायबरपॉवरचा ०७६४ आणि पूर्वीच्या एमजीई व आताच्या ईटन यांचा ०४६३ आहे. या यादीत यूपीएस नसेल तर दोष केबलचा, खाचेचा किंवा खुद्द यूपीएसचा आहे आणि तो मिटेपर्यंत पुढे जाण्यात अर्थ नाही. यादीत ते कधी दिसत असेल आणि कधी नसेल, तर 'जर्नलसीटीएल' या आज्ञेने कर्नलची, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याची, नोंदवही वाचावी. उपकरण वारंवार तुटून पुन्हा जोडले जात असल्यास तेथे तशा ओळींची रांग लागलेली आढळते.

येथे यूपीएसांचे दोन वर्ग पडतात, आणि हा फरक न कळल्यामुळेच बहुतेक गोंधळ होतो. यूएसबीवर कळफलक व माउस ज्या 'एचआयडी' पद्धतीने बोलतात, तिच्यातच वीजपुरवठ्याच्या उपकरणांसाठी एक शब्दावली १९९७ मध्ये निश्चित करण्यात आली, आणि ती पाळणारे यूपीएस आपली माहिती ठरलेल्या मांडणीत देते. दुसऱ्या वर्गातील यंत्रे जुन्या सीरियल तारेवरची प्रश्नोत्तरांची भाषाच बोलतात, फक्त मध्ये एक रूपांतर करणारी चिप बसवून ती यूएसबीवरून बोलतात. अशा यंत्राचा क्रमांक पुष्कळदा ०६६५:५१६१ असा निघतो आणि नावाच्या जागी सायप्रेस ही चिप बनवणारी कंपनी दिसते, यूपीएसच्या डब्यावरचे नाव नव्हे. त्यामुळे यादीत ते असूनही नवशिक्याला सापडत नाही.

आता वरची पायरी. ग्नोमसारखा डेस्कटॉप यूपीएसशी स्वतः बोलत नाही. तो 'यूपॉवर' नावाच्या, पार्श्वभूमीवर चालणाऱ्या सेवेला विचारतो. कर्नल एचआयडी यूपीएससाठी 'हिडडेव्ह' नावाची एक फाइल उघडून देतो, 'यूडेव्ह' ही उपकरणांची नोंद ठेवणारी यंत्रणा उत्पादक-क्रमांकांच्या यादीशी ताडून त्यावर 'हे यूपीएस आहे' असा शिक्का मारते, आणि मग यूपॉवर ती फाइल वाचतो. उत्पादक या यादीत नसेल, किंवा यंत्र दुसऱ्या वर्गातले असेल, तर यूपॉवर मौन राहतो. 'यूपॉवर' या आज्ञेपुढे 'डम्प' हा पर्याय लावला की त्याला ठाऊक असलेली सर्व उपकरणे दिसतात. तेथे यूपीएस असून पडद्यावर नसेल तरच दोष डेस्कटॉपचा मानावा.

दुसऱ्या वर्गासाठी, तसेच एकाच यूपीएसवर अनेक संगणक असतील तेव्हा, 'नट' हा यूपीएसवर लक्ष ठेवणाऱ्या प्रोग्रामांचा संच वापरावा लागतो. त्यातील 'यूएसबीएचआयडी-यूपीएस' हा ड्रायव्हर पहिल्या वर्गासाठी आणि 'नटड्रव्ह-क्यूएक्स' दुसऱ्यासाठी आहे. मात्र नटचा ड्रायव्हर यूएसबी उपकरण हाती घेताना कर्नलच्या ड्रायव्हरला त्यावरून दूर करतो. साहजिकच हिडडेव्हची फाइल नाहीशी होते आणि कालपर्यंत पडद्यावर दिसणारे यूपीएस, नट बसवल्याच्या दिवसापासून, दिसेनासे होते. हा बिघाड नव्हे. एका दाराला दोन पहारेकरी नेमले की किल्ली एकाकडेच राहते, म्हणून कोणाला नेमायचे ते आधीच ठरवावे. घरात एकच संगणक आणि पहिल्या वर्गातले यूपीएस असेल तर यूपॉवर पुरेसा आहे. त्यावर नटची आरास उभारणे ही हौस झाली, गरज नव्हे.

नट निवडल्यास दोन ठिकाणी पाय अडखळतो. डेबियनमध्ये त्याच्या मुख्य फाइलीत 'मोड' या शब्दापुढे मुळात 'नन' असते, आणि ते 'स्टँडअलोन' केल्याशिवाय सेवा सुरूच होत नाही. दुसरे असे की ड्रायव्हर अनुमती नसल्याची तक्रार करतो, तेव्हा अनेक जण फाइली पुन्हा पुन्हा तपासतात, वास्तविक संच बसवताना आलेला यूडेव्हचा नवा नियम आधीच जोडलेल्या उपकरणाला लागू झालेला नसतो. यूएसबी केबल काढून पुन्हा लावली की काम होते.

सर्व जुळल्यावर परीक्षा घ्यावी, पण यूपीएसचा प्लग उपटून नव्हे, कारण त्याने अर्थिंगही तुटते. भिंतीवरचे बटण बंद करावे. प्रारंभी संगणकाची विजेची तार सरळ भिंतीला लावून यूपीएसवर एक दिवा ठेवावा, म्हणजे बॅटरी अनपेक्षितपणे संपली तरी लिखित काम बुडत नाही. नटमध्ये 'यूपीएससी' या आज्ञेने स्थिती पाहिली असता 'ओएल', म्हणजे बाहेरची वीज चालू, हे अक्षरयुग्म बदलून 'ओबी', म्हणजे बॅटरीवर, असे व्हावे, आणि शेवटाला त्यात 'एलबी', म्हणजे बॅटरी अल्प, याची भर पडावी. ओबी व एलबी एकत्र दिसताच नट संगणक बंद करण्यास निघतो. टक्केवारी शंभर दाखवत असताना दिवा काही क्षणांत विझला तर वार्ता ठीक आहे, शिशाची बॅटरी थकली आहे, आणि ती बदलण्यावाचून गत्यंतर नाही. यूपॉवर वापरणाऱ्यांनी त्याच्या फाइलीत अखेरच्या क्षणीची कृती 'पॉवरऑफ' ठेवावी, कारण झोपेच्या पर्यायांत स्मृती डिस्कवर लिहिण्यासाठी पुरेशी जागा राखलेली असावी लागते. शेवटी बायॉसमध्ये वीज परत आल्यावर संगणकाने आपोआप सुरू व्हावे की नाही हा पर्याय आपल्या गरजेप्रमाणे निवडून ठेवावा.