पट्ट्यावर चढण्याआधी

बाळा, अण्णाला लातूरला टीएमटीला, म्हणजे चालत्या पट्ट्यावरच्या हृदयाच्या तपासणीला, नेतोयस ना? मग आधी डॉक्टरला एकच विचार: ही तपासणी कशासाठी? स्टेंट बसलाय, येरमाळ्याचा येडेश्वरीचा डोंगर न थांबता चढतो, छातीत काही नाही, तर नुसत्या समाधानासाठी दरवर्षी पट्ट्यावर चढवण्यात अर्थ नाही. कोरियात जोखमीच्या 1706 रुग्णांवर हे तपासून पाहिलं, 2022 साली छापून आलं. अँजिओप्लास्टीनंतर वर्षानं अर्ध्यांची ताण-तपासणी केली, अर्ध्यांची नाही. दोन वर्षांनी मृत्यू, हार्ट अटॅक, छातीदुखीनं भरती, यात फरक जवळपास नव्हताच. छातीत पुन्हा आवळायला लागलं असेल तर गोष्ट वेगळी.

गोळ्या थांबवायच्या का, याचं उत्तरही 'तपासणी कशासाठी' याच प्रश्नात आहे. नाडी मंद करणारी मेटोप्रोलॉलसारखी गोळी कधी एक-दोन दिवस आधी थांबवतात, कधी मुद्दाम चालू ठेवून बघतात. ते डॉक्टर ठरवतील. शेजारच्याची थांबवली होती म्हणून आपण थांबवायची नाही. आणि रक्त पातळ करणारी गोळी या तपासणीपायी बंद करायची नसते; स्टेंटमध्ये गुठळी झाली तर जीवावर बेततं. शुगरच्या गोळीचंही विचारून घे.

दोन-तीन तास आधी हलकं खाऊ दे. चहा नको, तंबाखूची पुडी घरीच. धोतर नको, पायजमा आणि पायात बूट. स्टेंटचं कार्ड नि जुना ईसीजी पिशवीत टाक. त्या जुन्या ईसीजीतच बिघाड असला तर साध्या टीएमटीतून नीट कळत नाही, दुसरी तपासणी लागते.

पट्टा दर तीन मिनिटांनी आणखी जोरात पळतो आणि चढ वाढतो. ही ब्रूस नावाच्या अमेरिकन डॉक्टरची पद्धत. सुरुवातच ताशी 2.7 किलोमीटर आणि 10 टक्के चढ. अण्णाला सांग, दांडीला लोंबकळू नको, नुसता हात टेकव. नाहीतर हृदयावर पुरेसा ताण येत नाही. छाती, जबडा, हात दुखला, चक्कर आली तर तिथंच बोलायचं. आपल्याकडच्या बाप्यांना नर्ससमोर लाज वाटते, दात आवळून चालत राहतात. मर्दानगीची जागा नव्हे ती.

रिपोर्टवर 'निगेटिव्ह' शोधू नकोस, नाडी कुठवर गेली ते बघ. 220 वजा वय, त्याचे 85 टक्के: साठीच्या माणसाला 136. अण्णा 110 लाच दमून उतरला असेल तर ती तपासणी अर्धवट, पास नव्हे.

आदल्या रात्री बसल्याजागी छातीत दुखलं तर टीएमटी विसर, 108 ला फोन कर.

आणि पट्ट्यावरून उतरल्याबरोबर वायरी काढायची घाई करू देऊ नकोस. काहींच्या ईसीजीत बदल उतरल्यावरच दिसतो.