दोन गाड्यांचा खर्च व एकघाती समीकरण

मुरबाड-शहापूर बाजूचा भाजीपाला कल्याणच्या बाजारांत, व तेथून पुढें डोंबिवली-ठाण्यास, स्वतःच्या गाडींतून नेऊं इच्छिणाऱ्या शेतकऱ्यास गाडी पेट्रोलची घ्यावी कीं सी. एन. जी.ची, हा प्रश्न पडतो. त्याचें उत्तर बहुधा शेजाऱ्याच्या सांगण्यावरून ठरतें. वास्तविक शाळेंत शिकलेल्या बीजगणितानें तें घरबसल्या काढतां येतें.

गाडीच्या खर्चाचे दोन भाग पडतात. एक, ती दारांत उभी असली तरी लागणारा. दुसरा, चालेल तितका वाढणारा. पहिल्यास अ, दर किलोमीटरच्या खर्चास ब व चाललेल्या किलोमीटरांस क्ष म्हटलें, तर एकंदर खर्च य = अ + ब × क्ष. चौकटीच्या कागदावर याची सरळ रेषा येते. अ ही तिची आरंभींची उंची व ब हा तिचा चढ. टायर, टोल, चालकाचा रोज असे दोहोंस सारखेच पडणारे खर्च तुलनेंतून उडून जातात.

आतां उदाहरण घेऊं. आंकडे केवळ समजण्यापुरते आहेत. प्रत्येकानें त्या जागीं आपले घालावे. समजा, सी. एन. जी.ची गाडी ९०,००० रुपयांनीं महाग आहे. पेट्रोल लिटरास १०८ रुपये व गाडी लिटरास १८ किलोमीटर चालते. म्हणजे किलोमीटरास ६ रुपये. वायूचें आकारमान दाबानें व उष्णतेनें बदलतें, म्हणून तो वजनानें विकतात. सबब लिटर व किलो यांची एकदम तुलना करूं नये. वायू किलोस ८० रुपये व चाल किलोस २० किलोमीटर धरल्यास किलोमीटरास ४ रुपये पडतात. तेव्हां ६ क्ष = ९०,००० + ४ क्ष, म्हणून क्ष = ४५,०००. येथें दोन रेषा एकमेकींस छेदतात. मुरबाड-कल्याण जाऊन येऊन सुमारें ६० किलोमीटर. वर्षास १५० फेऱ्या झाल्यास ९,००० किलोमीटर होतात व जादा किंमत पांच वर्षांत वसूल होते. इतका हिशेब पुष्कळांस येतो.

परंतु ते ९०,००० रुपये दहा टक्के व्याजानें काढलेले असले तर? पहिल्याच वर्षीं व्याज ९,००० रुपये. वर्षास ९,००० किलोमीटर चालणाऱ्याची बचत १८,००० रुपये, तिच्यांतील निम्मी व्याजांत जाते. उरेल ती दरवर्षीं मुदलांत भरीत गेल्यास कर्ज आठव्या वर्षीं फिटतें. ज्याची गाडी ४,५०० किलोमीटरच चालते, त्याची सारी बचत व्याजांत जाऊन मुद्दल तसेंच राहतें. त्याहून कमी चालविणाऱ्याचें ऋण वाढतच जाईल. रोख देणाऱ्यानेंही आपल्या ठेवीचें बुडणारें व्याज धरावें. गाडी विकणारा हें आपण होऊन सांगेल, अशी अपेक्षा करूं नये.

आणखी एक गोष्ट. ब हा आपण स्थिर मानला. पण शिळफाट्याच्या कोंडींत चाक उभें व इंजिन चालू, अशा वेळीं किलोमीटर न वाढतां इंधन जळतें. म्हणून कंपनीचा आंकडा न घेतां, ओळखीच्या तशाच गाडीची टाकी काठोकाठ भरून पांचसहा बाजारफेऱ्या कराव्या, व पुन्हां भरतांना जितकें इंधन लागेल त्यानें किलोमीटरांस भागावें. वायूचा पंप वाटेवर नसेल तर आडवाटेचा खर्चही त्यांत मिळवावा. भाव बदलला कीं चढ बदलतो: वरील उदाहरणांत वायू किलोस १०० रुपये झाला व पेट्रोल तसेंच राहिलें, तर छेदनबिंदु ९०,००० किलोमीटरांवर जातो, आणि वर्षास ९,००० किलोमीटर चालणाऱ्याचीही बचत व्याजापुरतीच उरते.