करंज तेलावर इंजिन चालविताना : फिल्टरची साफसफाई व निगा



उसाची पाण्याची पाळी चुकली की वजन घटते, हे वेगळे सांगावयास नको. वसमत, औंढा, कळमनुरी भागात विजेच्या मोटारी झाल्या, आता सौर पंपही आले. तरी पूर्णा, कयाधू व पैनगंगेच्या काठी अडीअडचणीला लागणारे जुने डिझेल इंजिन अजून पुष्कळांनी जपून ठेवले आहे. ऐन उन्हाळ्यात लाईट गेली की तेच उपयोगी पडते. डिझेलचा खर्च वाचावा म्हणून काहीजण त्यात करंजाचे तेल मिसळतात आणि मग आमच्याकडे ठराविक तक्रार येते, "साहेब, दोन दिवस झकास चाललं, तिसऱ्या दिवशी बसलं. फिल्टर तर परवाच धुतला होता!"

या तक्रारीचे उत्तर म्हणून हा पाठ आहे. फिल्टर तुंबतो याचा अर्थ तो आपले काम करतो. तुंबण्याचे कारण फिल्टरात नसते, आपण टाकीत ओतलेल्या तेलात असते. म्हणून फिल्टर धुताना त्यातून काय निघाले ते पाहावे आणि त्याप्रमाणे तेल सुधारावे.

वनस्पती तेल आणि डिझेल इंजिन

ही कल्पना नवीन नाही. सन १९०० मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात एक लहान डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखविले होते. करंजाला कर्नाटकात होंगे म्हणतात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील डॉ. उडुपी श्रीनिवास यांच्या प्रयत्नातून सन २००० च्या सुमारास तिकडे कग्गनहळ्ळी गावी होंगे तेलावर जनित्रे चालवून शेतीला पाणी दिले गेले. तेव्हा इंजिन या तेलावर चालते, यात शंका नाही. प्रश्न आहे तो निगेचा.

४० अंश सेल्सिअस तापमानाला डिझेलचा दाटपणा मोजला तर तो २ ते ४.५ सेंटिस्टोक भरतो. करंज तेलाचा साधारण ४० च्या आसपास भरतो. म्हणजे दहापट दाट तेल त्याच बारीक छिद्रातून जावयाचे आहे. शिवाय घाणीच्या तेलात बियांची भुकटी, थोडे पाणी आणि डिंकासारखा चिकट अंश असतो. हे सर्व फिल्टरवर बसते.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. वनस्पती तेल टाकीच्या व नळीच्या आत बसलेला डिझेलचा जुना गाळ सोडविते. त्यामुळे पहिल्या काही दिवसांत फिल्टर लवकर तुंबतो. ही टाकीचीच जुनी घाण असते. म्हणून तेल घालण्याआधी टाकी खाली करून धुऊन घ्यावी.

करडईचे तेल नको

आपल्याकडे करडई घरची असते, म्हणून "करडीचं चालेल का?" असे विचारतात. चालणार नाही. करडईचे तेल हवेत सुकणारे आहे. रंगाच्या धंद्यात ते वापरतात ते याच गुणामुळे. भिंतीवर जसा थर सुकतो तसाच तो फिल्टरवर, पंपात व नोझलच्या टोकाला सुकतो. सूर्यफुलाच्या तेलातही हा दोष आहे. त्यामानाने करंज तेल कमी सुकते, आणि ते खाण्याचे नसल्याने ताटातले तेल इंजिनात जात नाही.

तेल तयार करणे

१) घाण्यावरून आणलेले तेल आठ दिवस झाकून स्थिर ठेवावे. वरचे निवळ घ्यावे, तळ हलवू नये.

२) निवळ तेल थोडे गरम करून त्यात शंभर भागास दोन-तीन भाग गरम पाणी घालून ढवळावे व ठेवून द्यावे. चिकट अंश पाणी धरून तळाशी बसतो. तो काढून टाकावा.

३) नंतर तेल रुंद भांड्यात मंद आचेवर तापवावे. पाणी असेपर्यंत तडतड होते. ती थांबली की उतरवावे. भांडे निम्म्याहून जास्त भरू नये, तेल उतू जाऊन पेट घेते.

४) पूर्ण थंड झाल्यावर जुन्या धोतराच्या चार पदरी फडक्यातून गाळावे.

५) एक भाग तेल व चार भाग डिझेल असेच मिश्रण करावे. मिश्रण विस्तवाजवळ करू नये.

फिल्टर तुंबल्याची लक्षणे

इंजिन भार घेत नाही, रेस धरत नाही, धापा टाकल्यासारखे चालते, पाण्याची धार बारीक होते. टाकीत तेल असूनही बंद पडते व थोडा वेळ थांबून हँडल मारले की पुन्हा पाच-दहा मिनिटे चालते. हे शेवटचे लक्षण दिसले की आधी फिल्टर उघडावा, मग मिस्त्रीला बोलवावे.

साफ करण्याची रीत

१) इंजिन थंड होऊ द्यावे. टाकीचा कॉक बंद करावा. वाऱ्याच्या आडोशाला बसावे व खाली स्वच्छ थाळी ठेवावी.

२) फिल्टर उघडण्याआधी त्याचे भांडे बाहेरून डिझेलच्या फडक्याने पुसावे. बाहेरची धूळ आत गेली तर साफसफाईनेच नुकसान होते.

३) तळाचा स्क्रू सैल करून गाळ काचेच्या बाटलीत घ्यावा. फेकू नये, तो पाहावयाचा आहे.

४) मधला बोल्ट सोडून भांडे व आतला फिल्टर काढावा. कापडी फिल्टर असेल तर त्याची दोन्ही तोंडे बंद धरून स्वच्छ डिझेलमध्ये खळबळावा, म्हणजे घाण आतल्या बाजूस जाणार नाही. डिझेल तीनदा बदलावे. पिळू नये, ब्रश मारू नये. नुसता निथळू द्यावा.

५) कागदी फिल्टर धुवू नये, फुंकू नये, काडीने टोकरू नये. धुतलेला कागद वरून चांगला दिसतो. आत फाटलेला असतो. तो बदलावाच.

६) भांडे डिझेलने धुऊन उपडे ठेवावे. गोणपाट किंवा सुताचा बोळा वापरू नये. त्याचे तंतू पुढे पंपात जातात.

७) रबराची रिंग पाहावी. वनस्पती तेलाने रबर फुगते किंवा कडक होते. तशी असेल तर नवी घालावी, नाहीतर तेथून इंजिन हवा धरते.

८) जोडणी झाल्यावर कॉक उघडावा. फिल्टरवरचा हवेचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत तेल वाहू द्यावे व आवळावा. तसेच पंपाच्या स्क्रूचे करावे. शेवटी नोझलकडील नट किंचित सैल करून हँडल फिरवावे. सलग तेल आले की आवळावा. नोझलच्या फवाऱ्यासमोर हात धरू नये. त्या दाबाचे तेल कातडीत घुसते व जखम चिघळते.

गाळ काय सांगतो?

बाटली तासभर स्थिर ठेवून पाहावी.

तळाशी पाण्याचा वेगळा थर दिसला तर तेल नीट तापविले गेले नाही, किंवा कॅन उघडा राहिला. जेलीसारखा चिकट गोळा असेल तर गरम पाण्याची क्रिया राहिली. भुकटी असेल तर निवळणे व गाळणे कमी पडले. काळा गाळ असेल तर टाकी धुतलेली नाही. पांढुरका, मेणासारखा थर असेल आणि दिवस थंडीचे असतील तर तेल गारठले आहे. आपल्याकडे पौषात पहाटे करंज तेल कॅनमध्येच घट्ट होते. अशा दिवसांत निव्वळ डिझेलच वापरावे.

ज्यात दोष असेल ती क्रिया सुधारली की फिल्टर आपोआप जास्त दिवस टिकतो.

रोजचा नेम

इंजिन चालू करताना निव्वळ डिझेलवर करावे. तापले की मिश्रणावर घ्यावे. बंद करण्याआधी पुन्हा दहा मिनिटे डिझेलवर चालवावे, म्हणजे पंपात व नोझलमध्ये तेल साचून राहत नाही. यासाठी डिझेलचा लहान वेगळा डबा व कॉक बसवून घ्यावा. प्रथमच तेल वापरणाराने दहा-पंधरा तासांनी फिल्टर उघडून पाहावा. पुढे गाळ पाहून अंतर ठरवावे व तारीख इंजिनघराच्या भिंतीवर लिहावी. इंजिनातले वंगण तेलही नेहमीपेक्षा लवकर बदलावे, कारण न जळालेले तेल खाली उतरून वंगण घट्ट करते.

सर्वांत मोठी चूक

फिल्टर वरचेवर तुंबतो म्हणून काहीजण आतला फिल्टरच काढून ठेवतात. "आता कसं मोकळं चालतंय बघा," असेही म्हणतात. पंपातील प्लंजर व बॅरल यांच्यातील फट अवघी दोन-तीन मायक्रॉन असते. आपला केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. गाळणीवाचून आलेला बारीक कण तेथे कानशीसारखा घासतो. पंप गेला की तो दुरुस्त होऊन येईपर्यंत ऊस तहानेला राहतो.

थोडा हिशेब करा. पाच अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण भारावर ताशी एक लिटरपेक्षा थोडे जास्त जाळते. दहा तासांत पाचव्या हिश्श्याने सुमारे दोन लिटर डिझेल वाचले. त्यातही करंज तेलाची उष्णता डिझेलपेक्षा कमी, म्हणून खप किंचित वाढतो. एवढ्या बचतीसाठी पंप व नोझल पणाला लावणे परवडत नाही. तेल तयार करावयास सवड नसेल तर डिझेलच वापरलेले बरे. हमीतील इंजिनात आणि नव्या ट्रॅक्टरमध्ये तर हा प्रयोग मुळीच करू नये.

ज्यांच्या बांधावर करंज आहे त्यांना दुसरा फायदा पेंडीचा आहे. करंज पेंडीत सुमारे ४ टक्के नत्र असते व उसाच्या लागणीत ती चांगली मानवते. मात्र जनावरांना घालू नये. फिल्टर धुतलेले डिझेल विहिरीजवळ किंवा चारीत ओतू नये. तेलकट चिंध्यांचा ढीग करू नये. सुकणाऱ्या तेलाच्या चिंध्या आपोआप तापून पेटतात.

ज्या सभासदांना फिल्टर उघडण्याची रीत प्रत्यक्ष पाहावयाची असेल त्यांनी आपल्या गट कार्यालयात कळवावे. येताना गाळाची बाटली जरूर आणावी. पुढचे काय ते तिच्यावरून ठरविता येईल.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग