आपले सेवापुस्तक आपणच

माझ्या मेव्हण्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षे अध्यापन केले, आणि त्यांच्या नेमणुकीचा मूळ हुकूम, घड्यांवर झिजून फाटण्याच्या बेतात आलेला, आजही त्यांच्या कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला आहे. तो त्यांना मागावा लागला नव्हता. हुकूम हाती पडल्यावरच ते शाळेची पायरी चढले, आणि पुढील प्रत्येक वेतनवाढ, बदली व रजा यांची नोंद त्यांच्या सेवापुस्तकात दफ्तरातील कोणी ना कोणी कारकून इमानेइतबारे करीत राहिला. त्यांचाच मुलगा यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेऊन दोन वर्षांपूर्वी चाकण परिसरातील एका खासगी कारखान्यात रुजू झाला, तेव्हा घरी पेढे वाटले गेले, डब्यात किती पोळ्या लागतील याचीही चर्चा झाली. परंतु नेमणुकीचा कागद कोठे आहे, हा प्रश्न कोणाच्याही मनात आला नाही.

पगार ‘२५ हजार’ असे तोंडी ठरले होते. पहिल्या पूर्ण महिन्याचे २१,२०० रुपये खात्यात जमा झाले, तेव्हा मुलगा हिरमुसला. हिशेबनिसाने शांतपणे उलगडा केला: मूळ वेतन १५ हजार, त्याच्या १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये, भविष्यनिर्वाह निधीत मालकाचा हिस्सा, तितकाच नोकराचा, आणि २०० रुपये व्यवसाय कर. मालकाच्या मनातील २५ हजारांत त्याचा स्वतःचा हिस्साही धरलेला होता. मुलाच्या मनातील २५ हजार म्हणजे हातात पडणारी रक्कम. लबाडी कोणीच केली नव्हती. एकाच आकड्याचे दोन अर्थ दोन माणसांनी आपापल्या मनात बाळगले, आणि ते कागदावर न उतरल्यामुळे महिनाभर कोणालाही उमगले नाहीत.

माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या पालकांपैकी अनेकांचे म्हणणे असे, की मिळाली आहे ती नोकरी आधी पदरात पाडून घ्यावी, कागदाचा आग्रह धरून मालकाचे मन कलुषित करू नये. ज्यांच्या पिढीला सरकारी हुकूम आपोआप मिळाला, त्यांना तो मागण्याची सवय नसावी हे स्वाभाविकच आहे. परंतु भीड ही भिकेची बहीण आहे असे आपल्या वाडवडिलांनी सांगून ठेवले ते उगाच नव्हे. आणि जो मालक आपल्याच मुखातील शब्द कागदावर उतरवण्यास कां-कूं करतो, त्याच्याविषयीचे हे ज्ञान रुजू होण्यापूर्वी झालेले केव्हाही बरे.

कायद्याची स्थिती प्रत्येक विद्यार्थ्याने जाणून घ्यावी अशी आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार तोंडी करारही करारच असतो. म्हणून पत्र नाही तर हक्कही नाहीत, ही समजूत चुकीची आहे. अडचण येते ती हक्काची नव्हे, पुराव्याची. मोठ्या उद्योगांना नोकरीच्या शर्ती लेखी निश्चित करण्यास भाग पाडणारा स्थायी आदेशांचा कायदा १९४६ पासून २०२५ पर्यंत लागू होता. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने, दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांमध्ये प्रत्येक कर्मचाऱ्यास नियुक्तिपत्र देणे मालकावर बंधनकारक केले आहे. तेव्हा नियुक्तिपत्र मागणारा तरुण मेहेरबानी मागत नसून, कायद्याने जे द्यावयाचेच आहे त्याची आठवण करून देत असतो.

त्या पत्रात काय पाहावे? पद व कामाचे स्वरूप, कामाचे ठिकाण, रुजू होण्याची तारीख, वेतनाची फोड, म्हणजे मूळ वेतन, भत्ते, कपाती व हातात येणारी रक्कम, प्रोबेशनची मुदत व ती संपल्यावर कायम करण्याची रीत, कामाचे तास, रजा, आणि नोकरी सोडताना उभय पक्षांनी द्यावयाची नोटीस, इतक्या बाबी तरी स्वच्छ असाव्यात. ‘बाँड’ असेल तर त्याची रक्कम व मुदत दोनदा वाचावी. मुदतीपूर्वी नोकरी सोडल्यास २ लाख रुपये भरण्याची एका बँकेची अट सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली ग्राह्य धरली आहे. सही ही सहीच असते. आणि पदविकेची, पदवीची मूळ प्रमाणपत्रे कोणाच्याही हवाली करू नयेत. ती दाखवावीत, छायाप्रती द्याव्यात, मूळ परत घरी आणावीत.

मागण्याची भाषा नम्र असावी, हेतू स्पष्ट असावा. भाच्याने पुढे, माझ्या सांगण्यावरून, कारखान्याच्या कार्यालयास ई-मेल पाठवला तो असा: “नेमणुकीच्या वेळी झालेल्या बोलण्याप्रमाणे माझे पद, वेतनाची फोड व प्रोबेशनची सहा महिन्यांची मुदत मी खाली लिहिल्याप्रमाणे समजलो आहे. यात काही फरक असल्यास कृपया कळवावे, आणि नियुक्तिपत्र केव्हा मिळेल तेही कळवावे.” त्यात तक्रार नव्हती, धमकी नव्हती. दोन दिवसांनी एका ओळीचे उत्तर आले: ‘बरोबर आहे. पत्र तयार करीत आहोत.’ पत्र यायला आणखी दोन महिने लागले, तरी त्या एका ओळीने तोंडी शब्दाला लेखी आधार मिळाला होता.

ज्यांना पत्र मिळालेच नाही, त्यांनी हताश होऊ नये. पगार रोखीने न घेता बँकेत घ्यावा. पगारपत्रक दरमहा मागून जपावे. भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन क्रमांक मिळवून पासबुकात वर्गणी खरोखर जमा होते की नाही हे पाहावे. ओळखपत्र, हजेरीच्या नोंदी, काम सोपवणारे ई-मेल यांच्या प्रती घरी ठेवाव्यात. उद्या वेतन थकले, किंवा अनुभवाचा दाखला नाकारला गेला, आणि कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करण्याची वेळ आली, तर आपण तेथे नोकरीस होतो हे याच कागदांवरून सिद्ध करता येते.

पालकांना माझी कळकळीची विनंती एवढीच, की पगार किती हा प्रश्न विचाराल त्याच वेळी कागद मिळाला का, हेही विचारा. घरातून हा प्रश्न आला, म्हणजे मुलाला तो कार्यालयात विचारण्याचे बळ येते. खासगी नोकरीत आपल्यासाठी नोंदी लिहीत बसणारा दफ्तरातला कारकून नसतो. ते काम नोकरी करणाऱ्यालाच, पहिल्या दिवसापासून, नेमाने करावे लागते. गेल्या वर्षी भाच्याने दुसरी नोकरी धरली, तेव्हा नव्या मालकाने मागितलेला अनुभवाचा पुरावा त्याने त्याच सायंकाळी सादर केला. मेव्हण्यांच्या कपाटात, त्या जुन्या हुकुमाशेजारी, आता त्याच्या कागदांची पिशवी आहे.