विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर

वाचण्याआधी
तुम्ही कधी घर, शाळा किंवा देश बदलला आहे का? तेव्हा काय मागे राहिलं? आई-बाबांनाही हाच प्रश्न विचारा आणि मग पाठ वाचायला घ्या.

चला, वाचूया
फुटबॉल म्हटलं की आपल्याला मेस्सी, रोनाल्डो अशी मोठी नावं आठवतात. पण सगळेच खेळाडू काही इतके प्रसिद्ध नसतात. इंग्लंडमध्ये सगळ्यात वरच्या पायरीवर प्रीमियर लीग आहे. तिच्यात २० क्लब खेळतात. तिच्या लगेच खालच्या तीन पायऱ्यांपैकी प्रत्येक पायरीवर २४ क्लब आहेत. तिथले बरेच खेळाडू दर एक-दोन वर्षांनी क्लब बदलतात. करार संपला की सामान बांधायचं. मग नवं गाव, नवा संघ, नवं घर! असं सारखं फिरावं लागणाऱ्या माणसाबद्दल मराठीत म्हणतात, 'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर'.

रिकी लॅम्बर्ट हा असाच एक स्ट्रायकर. त्याचा जन्म १९८२ साली लिव्हरपूलजवळच्या कर्कबी गावात झाला. लहानपणापासून तो लिव्हरपूल क्लबचा चाहता. दहा वर्षांचा असताना त्याला त्याच क्लबच्या अकादमीत घेतलं. किती आनंद झाला असेल, नाही का? पण तो पंधरा वर्षांचा झाला आणि क्लबने त्याला काढून टाकलं.

मग तो ब्लॅकपूल क्लबकडे गेला. तिथेही फार काळ टिकला नाही. आता हातात ना करार, ना पगार. पोटासाठी रिकीने एका कारखान्यात काम धरलं. काम काय, तर बिटाच्या बरण्यांना झाकणं लावायची! पण फुटबॉल त्याने सोडला नाही.

२००१ साली मॅकल्सफील्ड या लहानशा क्लबने त्याला घेतलं. हा क्लब चौथ्या पायरीवर होता. पुढच्याच वर्षी स्टॉकपोर्टने त्याच्यासाठी ३ लाख पौंड मोजले. २००५ मध्ये तो रॉचडेलला गेला, २००६ मध्ये ब्रिस्टल रोव्हर्सला. दर वेळी अनोळखी ड्रेसिंग रूम, अनोळखी चेहरे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तरी रिकी गोल करत राहिला. २००८-०९ च्या मोसमात त्याने ब्रिस्टल रोव्हर्ससाठी लीगमध्ये २९ गोल केले.

ते पाहून २००९ मध्ये साउथॅम्प्टनने त्याला सुमारे १० लाख पौंडांना विकत घेतलं. हा क्लब तेव्हा तिसऱ्या पायरीवर होता. प्रशिक्षकांनी रिकीला स्पष्टच सांगितलं, की तुझं वजन जास्त आहे, ते कमी कर. ऐकून वाईट वाटलं असेल, पण त्याने मनावर घेतलं आणि घाम गाळला. २०११ मध्ये संघ एक पायरी वर चढला आणि २०१२ मध्ये थेट प्रीमियर लीगमध्ये पोचला. साउथॅम्प्टनसाठी रिकीने ३४ पेनल्टी मारल्या. त्यातल्या किती चुकल्या? एकही नाही!

१४ ऑगस्ट २०१३. वेम्बली मैदानावर इंग्लंड विरुद्ध स्कॉटलंड, दोन्ही संघांचे दोन-दोन गोल. ३१ वर्षांचा रिकी इंग्लंडसाठी पहिल्यांदाच मैदानात उतरला, तोही बदली खेळाडू म्हणून. कॉर्नरवरून चेंडू आला. रिकीने उंच उडी मारली आणि हेडर थेट जाळ्यात! चेंडूला झालेला त्याचा तो पहिलाच स्पर्श होता. इंग्लंड ३-२ ने जिंकलं.

२०१४ मध्ये लिव्हरपूलनेच त्याला परत बोलावलं. ज्या क्लबने पंधराव्या वर्षी काढून टाकलं होतं, त्याच क्लबची लाल जर्सी! सिनेमा असता, तर गोष्ट इथेच संपली असती. पण खरं आयुष्य पुढे चालू राहतं. लिव्हरपूलमध्ये त्याला बराच वेळ बाकावर बसावं लागलं. त्याने जेमतेम तीन गोल केले आणि वर्षभरात तो वेस्ट ब्रॉमला गेला. मग कार्डिफ. २०१७ मध्ये तो निवृत्त झाला.

मग रिकीचं स्वप्न पूर्ण झालं की मोडलं? जर्सी मिळाली, पण एकाच वर्षासाठी. त्याचं खरं काम मात्र त्या लहान मैदानांवर, पावसात आणि चिखलात झालं होतं. तिथे केलेले गोल कुणीही त्याच्याकडून परत घेऊ शकत नाही.

शब्दार्थ
बिऱ्हाड – घर-संसार, राहण्याची जागा
करार – दोघांनी लिहून ठरवलेली गोष्ट
मोसम – खेळाचं एक वर्ष
मनावर घेणे – एखादी गोष्ट करायचीच असं ठरवणे
घाम गाळणे – खूप कष्ट करणे
जेमतेम – अगदी थोडे, कसेबसे

भाषेची गंमत
'रिकीने गोल केले' म्हणजे काम झालं, संपलं. 'रिकी गोल करत राहिला' म्हणजे काम थांबलं नाही. आता तुम्ही वाक्यं बनवा: लिहित राहणे, शिकत राहणे, विचारत राहणे.

उत्तरं लिहा
१. फुटबॉल खेळायला क्लब नव्हता, तेव्हा रिकीने कोणतं काम केलं?
२. साउथॅम्प्टनच्या प्रशिक्षकांनी त्याला काय सांगितलं? त्याने काय केलं?
३. 'सिनेमा असता, तर गोष्ट इथेच संपली असती' असं लेखात का म्हटलं आहे?

बोलूया
रिकीच्या जागी तुम्ही असता, तर २०१४ मध्ये लिव्हरपूलला गेला असता की साउथॅम्प्टनलाच राहिला असता? आजी-आजोबांना फोन करा, रिकीची गोष्ट मराठीत सांगा आणि त्यांचं मत विचारा.