हरणाच्या केसात चाऱ्याची नोंद

नांदगाव व त्याला लागून असलेला येवला हे नाशिक जिल्ह्याच्या पूर्व भागातील कमी पावसाचे तालुके होत. येवला तालुक्यातील ममदापूर संवर्धन राखीव क्षेत्र काळविटांसाठी प्रसिद्ध आहे. माळावरचे गवत वाळले की हरणांचे कळप शेतात उतरतात आणि शेतकऱ्याचे कष्टाचे पीक धोक्यात येते. हरीण पीक किती खाते व गवत किती, हे निश्चित कळल्यास कुरणविकासाला योग्य दिशा मिळू शकेल. या कामी स्थिर समस्थानिकांची पद्धत साहाय्यभूत ठरू शकते.

निसर्गातील सुमारे ९९ टक्के कार्बन १२ वस्तुमानांकाचा व उरलेला सुमारे १ टक्का १३ वस्तुमानांकाचा, म्हणजे किंचित जड असतो. हे दोन्ही प्रकार स्थिर असून त्यांतून किरणोत्सर्ग होत नाही. बोर, बाभूळ, हरभरा, गहू, कांदा या वनस्पती जड कार्बन कमी प्रमाणात घेतात. उष्ण प्रदेशातील बहुतेक गवते, तसेच बाजरी, ज्वारी व मका यांत तो तुलनेने अधिक असतो. आंतरराष्ट्रीय प्रमाणाशी तुलना करता पहिल्या गटाचे मूल्य दर हजारी उणे २७ च्या, तर दुसऱ्याचे उणे १२ च्या आसपास येते. प्राणी जे खातो, त्याची ही खूण त्याच्या शरीरात उतरते, हे डीनिरो व एपस्टाइन या शास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये प्रयोगांनी दाखवून दिले. मास स्पेक्ट्रोमीटर यंत्राने ती मोजता येते. लेंडीवरून गेल्या काही दिवसांचा, केसावरून काही महिन्यांचा, तर हाडावरून अनेक वर्षांचा आहार समजतो.

भारतात रमण सुकुमार व आर. रमेश यांनी दक्षिणेकडील हत्तींच्या हाडांचा असा अभ्यास केला. हत्ती गवत भरपूर खात असले, तरी हाडांतील कार्बन मुख्यत्वे झाडाझुडपांच्या पाल्यातून आल्याचे आढळले. पाल्यात प्रथिने अधिक असल्याने शरीरबांधणीत त्याचा वाटा मोठा ठरतो. केसही प्रथिनांचाच बनलेला असल्याने हरणाच्या बाबतीतही हा मुद्दा ध्यानी घ्यावा लागेल.

या पद्धतीला एक महत्त्वाची मर्यादा आहे. बाजरी, मका आणि माळावरचे गवत एकाच गटातील असल्याने केवळ कार्बनवरून त्यांतील भेद कळत नाही. हरभरा व बोरीचा पाला यांचेही तसेच. म्हणून लेंडीतील वनस्पतींच्या अवशेषांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी आणि शेतातील प्रत्यक्ष पाहणी यांची जोड आवश्यक आहे.

काळविटास वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. कुंपणाला अडकलेले केस व माळावरील लेंड्या यांवरून प्राण्यास इजा न करता अभ्यास करता येतो. मात्र नमुने गोळा करण्यासाठी वन विभागाची पूर्वपरवानगी घ्यावयास हवी. ऋतुमानानुसार नमुने तपासल्यास हरणांच्या आहारात बदल केव्हा होतो, हे उमगेल. त्या सुमारास माळावर चारा व पाणी उपलब्ध राहिले, तर शेतकऱ्याचे पीक आणि माळावरचे काळवीट या दोहोंचेही रक्षण साधता येईल.