क्षारता जुळली, पाणी जुळले नाही

माझ्या टाकीतील चौदा प्रवाळांपैकी नऊ थंडीने मेले, असे त्या दुकानदाराने मला तोंडावर सांगितले आणि पुढे आमच्या ओळखीच्या दोघा-तिघांनाही तेच ऐकवले. म्हणून ही कैफियत मी लिहितो आहे ती प्रथम त्या विधानाचा इन्कार करण्यासाठी, आणि मग, ज्यांच्या घरी खाऱ्या पाण्याची टाकी आहे व ज्यांच्यावर मीठ बदलण्याचा प्रसंग आज ना उद्या येणारच आहे, त्यांना माझ्या नुकसानीचा काही उपयोग व्हावा यासाठी. ते प्रवाळ थंडीने मेले नाहीत. ते मिठाने मेले. आणि ते मीठ ‘पहिले होते तेच, फक्त अधिक चांगले’ अशी ग्वाही देऊन मला विकण्यात आले होते.

१९ नोव्हेंबर २०२४ च्या त्या मंगळवारी संध्याकाळी पूर्वेकडून पर्वत उतरून आलेल्या वाऱ्याने वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्ह्यूची काय दशा केली, हे इथल्या रहिवाशांना सांगावयास नको. आमच्या लेक हिल्सच्या रस्त्यावर फरची तीन झाडे आडवी पडली होती आणि वीज जी गेली ती शुक्रवारी दुपारी आली. त्या तीन दिवसांत बॅटरीवरचा हवेचा पंप टाकीत बुडबुडे सोडीत होता, गॅसवर पाणी तापवून भरलेल्या बाटल्या आम्ही पाळीपाळीने पाण्यात ठेवीत होतो, आणि टाकीभोवती घरातल्या सगळ्या रजया गुंडाळल्या होत्या. तरी पारा २१ अंशांपर्यंत उतरला, एक मासा खडकामागे मेला आणि पाण्याला वास मारू लागला. प्रवाळ मात्र त्यातून तरले. शनिवारी सकाळी टाकीवरचे दिवे पुन्हा लागले तेव्हा ॲक्रोपोराच्या फांद्यांवर एकूण एक तोंडे उघडलेली मी स्वतः पाहिली आहेत, आणि त्या दिवशीची नोंद माझ्या वहीत तारखेसह आहे : तापमान पूर्ववत, अल्कलिनिटी ७ अंश.

पाणी बदलणे निकडीचे होते आणि जुने मीठ संपत आले होते. दुकानात गेलो तर माझ्या नेहमीच्या मिठाची बादली नव्हती. दुकानदाराने दुसरी, अधिक किमतीची बादली पुढे सरकवली. मी त्याला तीन वेळा एकच प्रश्न विचारला, की मीठ एकदम बदलल्याने काही बिघडणार तर नाही. आणि तिन्ही वेळा त्याने हसून सांगितले, की मीठ ते मीठ, क्षारता ३५ वर आणा म्हणजे झाले, उलट प्रवाळांना हे अधिक मानवेल. वादळाने गांजलेल्या, तीन रात्री धड न झोपलेल्या गिऱ्हाइकाला पंचवीस वर्षे या धंद्यात असल्याचे सांगणारा मनुष्य असे निःशंकपणे बोलतो, तेव्हा गिऱ्हाइकाने त्याच्यावर विश्वास टाकला यात गिऱ्हाइकाचा अपराध काय, हे मला अजून कळलेले नाही.

त्याच दुपारी निम्मे पाणी बदलले. क्षारता ३५, तापमान २५.५ अंश, मोजण्यासारखे जे जे मला माहीत होते ते सर्व तंतोतंत जुळले होते. वास पूर्ण गेला नाही म्हणून सोमवारी आणखी एक तृतीयांश बदलले. उरलेसुरले जुने मीठ थोरल्याच्या खोलीतील दहा गॅलनच्या लहान टाकीला पुरले. ही बारीकशी गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे माझी सगळी फिर्याद तिच्यावरच उभी आहे.

गुरुवारी थँक्सगिव्हिंगची सुट्टी होती. सकाळी चहाचा कप हातात घेऊन सौ. टाकीपाशी उभी राहिली आणि म्हणाली, “अहो, हे टोक कालपर्यंत जांभळं होतं ना?” मी जवळ जाऊन पाहिले. मोठ्या जांभळ्या ॲक्रोपोराच्या प्रत्येक फांदीचे टोक, जणू कोणी मेणबत्तीच्या ज्योतीवरून फिरवावे तसे, अर्ध्या नखाएवढे पांढरे पडले होते. त्या पांढऱ्यावर मांस नव्हते, नुसता सांगाडा होता. खालच्या भागाचा रंग शाबूत, तोंडे उघडी. थंडीने मरणारा प्रवाळ असा टोकाटोकाने मरत नाही; त्याचा रंग सर्वांगाने उतरतो किंवा बुडापासून साल निघू लागते.

त्या क्षणी प्रथमच मला सुचले, की आपण टाकीतले पाणी शंभर वेळा तपासले, पण बादलीतून कालवलेले नवे पाणी एकदाही तपासले नाही. गॅरेजमध्ये पिंपात पाच-सहा गॅलन शिल्लक होते. त्यातले पाच मिलिलीटर नळीत घेतले आणि थेंब मोजू लागलो. या परीक्षेत पहिल्या थेंबाने पाणी निळे होते आणि ज्या थेंबाला ते पिवळे होईल तितके अंश अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद, धरावयाची. माझ्या जुन्या मिठाचे पाणी सातव्या, फार तर आठव्या थेंबाला पिवळे होई. सातवा थेंब पडला, पाणी निळे. आठवा, नववा, दहावा पडला तरी निळे. अकराव्याला हिरवट झाक आली आणि बाराव्याला ते पिवळे झाले. गॅरेजच्या थंडीत ती नळी हातात धरून मी किती वेळ उभा होतो ते सांगता येणार नाही. हिशेब सोपा होता आणि तो तिथेच मनात झाला : सातात बाराचे निम्मे मिसळले म्हणजे साडेनऊ, त्यात पुन्हा बाराचा एक तृतीयांश मिसळला म्हणजे दहाच्या वर. ज्या प्राण्यांना दिवसाकाठी एका अंशापेक्षा अधिक फेर सोसवत नाही, त्यांना मी दोन दिवसांत तीन अंशांहून वर नेऊन बसवले होते, आणि तेही तीन दिवसांच्या थंडीतून ते नुकते सावरत असताना.

दुकानदाराचे यावरचे उत्तर असे, की आकडा बादलीवर छापलेला आहे. तो छापलेला आहे, हे मी कबूल करतो. परंतु कसा छापलेला आहे तेही सांगितले पाहिजे. तिथे अल्कलिनिटी ४.३ अशी आहे, आणि ती मिलिइक्विव्हॅलंटमध्ये आहे. माझी वही, माझी परीक्षा, त्याच्या दुकानातील प्रत्येक संभाषण हे सर्व जर्मन अंशांत चाललेले. ४.३ ला २.८ ने गुणले म्हणजे १२ होतात, हे मला आज झोपेतही सांगता येईल. १९५७ साली नवे पैसे आले तेव्हा आण्याचे किती, या हिशेबात खेड्यापाड्यांतील भोळी माणसे कशी नागवली गेली, ते वडील आम्हांस सांगत. नाणे बदलले की ज्याला दोन्ही नाणी ठाऊक आहेत त्याने दुसऱ्याला उलगडून सांगावे, एवढीच सचोटीची अपेक्षा असते.

माझे बालपण उरणला गेले, त्यामुळे ‘मीठ ते मीठ’ हे वाक्य कानी पडताच मी सावध व्हावयास हवे होते. मिठागरात भरतीचे पाणी घेऊन ते कप्प्याकप्प्यांतून फिरवीत आटवतात. त्यातून आधी चुन्याचा अंश खाली बसतो, मग जिप्सम, त्यानंतर मीठ धरते, आणि मीठ ओढून घेतल्यावर जे कडवट पाणी उरते, ज्यात मॅग्नेशियमचा बराचसा भाग असतो, ते सोडून देतात. म्हणजे समुद्रातून मीठ निघते, पण त्या मिठातून पुन्हा समुद्र होत नाही. १८७२ ते १८७६ या काळात चॅलेंजर जहाजाने जगभरच्या समुद्रांतून आणलेले पाण्याचे ७७ नमुने डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने पृथक् करून पाहिले, तेव्हा क्षारता कमी-अधिक असली तरी मुख्य घटकांचे परस्परांशी प्रमाण सर्वत्र जवळजवळ सारखेच असते, असे सिद्ध झाले. निसर्गाच्या समुद्रात म्हणूनच एका आकड्यावरून बाकीचे सांगता येतात : ३५ क्षारता असली, की कॅल्शियम ४१० ते ४२०, मॅग्नेशियम १३०० च्या आसपास, अल्कलिनिटी ७ अंशांच्या जवळ. बादलीतल्या समुद्राला हा नियम लागू नाही. प्रवाळ सांगाडा बांधताना अल्कलिनिटी व कॅल्शियम खर्च करतात, ती तूट भरून निघावी म्हणून काही उत्पादक हे घटक मुद्दाम चढे ठेवतात, काही समुद्राइतकेच ठेवतात. दोन्ही पद्धती आपापल्या जागी योग्य आहेत, आणि माझी तक्रार त्या मिठाविरुद्ध मुळीच नाही. तक्रार आहे ती दोन्हींमधला फरक ज्याला ठाऊक होता व ज्याने तो विचारूनही सांगितला नाही, त्याच्याविरुद्ध.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वही, छायाचित्रे आणि नव्या पाण्याची बाटली घेऊन मी दुकानात गेलो. त्याने वही उघडून पाहिली नाही. बाटलीला हात लावला नाही. गल्ल्यामागून न उठता तो म्हणाला, की तुमच्याकडे तीन दिवस वीज नव्हती, यात मिठाचा संबंध नाही. आणि तुमची अल्कलिनिटी मुळातच फार कमी होती. दोन्ही कारणे एकाच दमात. आता थोरल्याच्या खोलीतील लहान टाकी आठवावी. तिच्यात त्याच जांभळ्या ॲक्रोपोराचा, त्याच कुळाचा, दोन इंची तुकडा आहे. त्या खोलीत तीच थंडी होती, किंबहुना लहान टाकी अधिक लवकर गारठते म्हणून थोडी अधिकच. तिची अल्कलिनिटीही तीच सात होती. फरक इतकाच, की तिला जुने मीठ मिळाले. त्या तुकड्याचे एक टोकही पांढरे पडले नाही. याहून निःसंदिग्ध पुरावा कोणत्या न्यायाधीशाने मागावा? मी हे त्याला सांगितले, तेव्हा त्याने पुढच्या खरेदीवर सूट देऊ केली. मी ती घेतली नाही.

आता जे शिकलो ते सांगतो.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट : प्रत्येक नव्या बादलीचे पाणी टाकीत घालण्यापूर्वी तपासावे, मग ते मीठ वीस वर्षे वापरातले का असेना. क्षारता पुरेशी नाही. अल्कलिनिटी तपासलीच पाहिजे, कॅल्शियम व मॅग्नेशियम जमल्यास. आकडा बादलीच्या झाकणावर ठळक लिहावा, जर्मन अंशांतच लिहावा. मिलिइक्विव्हॅलंट असल्यास २.८ ने गुणावे, कॅल्शियम कार्बोनेटच्या पीपीएममध्ये असल्यास १७.९ ने भागावे.

मीठ बदलणे भाग असेल तर किती पाणी बदलावयाचे हे फरकावरून ठरवावे. दोन पाण्यांत पाच अंशांचे अंतर असेल आणि दहा टक्के पाणी बदलले, तर टाकी अर्ध्या अंशाने वर जाते, इतके सोसते. निम्मे बदलले तर अडीच अंश, आणि तो घात आहे. जुने मीठ थोडे शिल्लक असतानाच नवे आणावे, आणि पहिल्या आठवड्यात एक भाग नवे व तीन भाग जुने, पुढे निम्मेनिम्म, असे चार-पाच आठवड्यांत पालटावे. ज्या टाकीत नायट्रेट व फॉस्फेट जवळजवळ नाहीत, तिथे चढ्या अल्कलिनिटीने टोके लवकर जळतात, म्हणून तिथे याहूनही सावकाश जावे.

संकटात मीठ कधीही बदलू नये. बेलव्ह्यूत वारा सुटला की झाडे पडणार आणि वीज जाणार, हे गृहीत धरून आपल्या नेहमीच्या मिठाची एक न उघडलेली बादली सप्टेंबरातच घरात ठेवावी. घरात म्हणतो, गॅरेजमध्ये नव्हे. इथल्या पावसाळी हवेत उघड्या बादलीतले मीठ ओल धरते, त्याचे दगड होतात आणि मग मापाचा भरवसा राहत नाही. वाहतुकीत बारीक-जाड कण वेगळे होतात, तेव्हा बादली आडवी करून आधी चांगली लोळवावी.

नेहमी पाण्यात मीठ घालावे, मिठावर पाणी ओतू नये. तसे केल्यास पाणी दुधाळ होते व कॅल्शियम तळाशी बसते. काही मिठे कालवून थोड्या तासांत वापरावयाची असतात, काहींना रात्रभर फिरवावे लागते. ती सूचना वाचावी. रिफ्रॅक्टोमीटर शुद्ध पाण्याने नव्हे, ३५ च्या प्रमाणित द्रावाने जुळवावा. सीडर व टोल्ट नद्यांचे इथले नळाचे पाणी मऊ असते म्हणून काही जण ते तसेच वापरतात. मी गाळूनच वापरतो, कारण त्यात क्लोरीन असतो आणि घरच्या नळांतले तांबे कोणी मोजलेले नसते.

भारतातील वाचकांसाठी एक सूचना : तिथे कठीण प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, ते घरी ठेवण्याच्या भरीस पडू नये, माशांच्या टाकीला मिठाविषयीचे हे सर्व लागू आहेच.

याशिवाय संयम ठेवावा, वाचन करावे, चार अनुभवी माणसांना विचारावे, हे सर्वजण सांगतात व ते खरेही आहे. मी त्यात एवढीच भर घालतो, की विक्रेत्याची शिफारस लेखी घ्यावी. जो लिहून देण्यास कां-कूं करील, त्याला स्वतःच्या शब्दाची खात्री नाही असे समजावे.

फेब्रुवारीत थोरल्याने आपल्या टाकीतला तुकडा आपण होऊन मला दिला, आणि पूर्वी जिथे मोठा ॲक्रोपोरा होता त्या खडकावर मी तो बसवला. त्याने बूड धरले आहे. ती बादली अजून गॅरेजमध्ये अर्धी भरलेली आहे. मी ती फेकली नाही आणि परतही केली नाही. तिच्या झाकणावर काळ्या शाईने १२ हा आकडा लिहून ठेवला आहे, आणि दर आठवड्याला नवे पाणी कालवताना त्यातले थोडेसे, मोजून, मी जुन्यात मिसळतो.